अनसाक्कांचं नखुरडं

अनसाक्कांच्या डाव्या अंगठ्याला वर्षातून एकदा नखुरडं व्हायचं, आणि तेही नेमकं दिवाळीच्या तोंडावर. वसुबारसेला त्यांच्या अंगठ्यावर हळदीची चिंधी दिसली की आमच्या आळीतल्या बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या, "आलं बाई नखुरडं! आता भाऊ येणार." भाऊबीज व्हायची, भाऊ येऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी चिंधी गायब. मग पहिल्या तारखेला पेन्शनच्या कागदावर तोच अंगठा असा ठसठशीत उमटायचा, की बँकेतला कारकून कौतुकानं म्हणायचा, "आजी, असा ठसा दुसऱ्या कुणाचा उठत नाही बघा."

मलकापुरात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन आले, हे घर बांधलं आणि त्यात जेमतेम चार वर्षं राहून गेले. मुलगाही फौजेत. आज आसामात, उद्या राजस्थानात. सून त्याच्याबरोबर. त्यामुळं अनसाक्का एकट्या. उंच, काटकुळ्या, नऊवारी लुगड्याचा पदर कायम कमरेला खोचलेला. त्यांना कशाची म्हणून घाई नसायची. गॅसचा नंबर लावायचा असो, डोळ्याचं ऑपरेशन असो, त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू की. काय पळून चाललंय का?" आणि मी पडले फटकळ. कराडला कचेरीच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, दिवसभर हेच. लोकांना घाई, म्हणून मलाही घाई. आमचं जमलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

नखुरड्याचं मूळ एका दस्तात होतं. आक्कांचं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. वडील गेले तेव्हा मागे दोनच वारस, आक्का आणि धाकटा भाऊ ज्ञानू. शेताचे तुकडेही दोनच, एक नदीकडचं काळंभोर रान आणि दुसरा खडकाळ माळ. वडिलांचं तेरावं झाल्यावर आक्कांनी रीतीप्रमाणं हक्कसोडपत्र करून दिलं. आमच्याकडं बहिणीनं हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, म्हणून बहिणी मागत नाहीत. लुगडं-चोळी घेतात, जेवतात, अंगठा देतात आणि एसटीत बसतात. गावात शेतं कुणी नंबरानं ओळखत नाही. लिहिणाऱ्यानं गट नंबर विचारले तेव्हा म्हाताऱ्या चुलत्यानं आठवणीनं सांगितले, आणि दोन्ही शेतांना माळाचाच नंबर सांगितला. लिहिणाऱ्यानं लिहिला. पाच-सहा माणसं तिथं उभी होती, कुणीही वाचून बघितलं नाही. बहिणीचं हक्कसोड हा वाचायचा कागद नसतोच आमच्याकडं! तो अंगठा लावायचा कागद असतो.

त्यामुळं झालं असं, की आक्कांनी माळ दोनदा सोडला आणि नदीकडचं रान एकदाही सोडलं नाही. सातबाऱ्यावर भावाच्या नावाला लागून बहिणीचं नाव तसंच राहिलं. हे पुढं आठ-दहा वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि त्या आठ-दहा वर्षांत, मेव्हणे गेले तेव्हा उभ्या उभ्या येऊन गेला ते सोडलं तर, ज्ञानू मलकापूरला एकदाही आला नाही. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. काम झालं होतं, एवढंच. दिवाळीला इतर बायकांना न्यायला मुराळी यायचे, कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा. आक्का दारात उभ्या राहून त्यांची चौकशी करायच्या, चहा पाजायच्या आणि आत जायच्या.

मग नदीवरून पाइपलाइन करायची म्हणून ज्ञानूनं बँकेसाठी सातबारा काढला आणि चूक बाहेर आली. तेव्हा नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. भाऊबीजेच्या दिवशी हा गृहस्थ हातात पिशवी, पिशवीत लुगडं, फराळाचा डबा आणि जुना दस्त घेऊन आक्कांच्या दारात हजर. बुटका, गोल चेहऱ्याचा, बोलताना सारखा टोपी काढून घालणारा माणूस. आक्कांनी मला भिंतीवरून हाक मारून तो दाखवला. "मालन, ह्यो माजा भाऊ बरं का! ग्यानू. लय कामं असत्यात त्येला." मीच मग त्याला सांगितलं, की घाबरायचं कारण नाही, चूक दुरुस्ती पत्र करता येतं. फक्त पहिल्या कागदावर ज्यांच्या सह्या-अंगठे आहेत त्या दोघांनीही पुन्हा दुय्यम निबंधकापुढं उभं राहायला हवं. एकट्यानं होत नाही.

"मग काय, आक्का कुठं न्हाई म्हणतीया!" ज्ञानू म्हणाला.

"न्हाईच की म्हणत," आक्का म्हणाल्या. "घरचंच हाय. पर अंगठ्याला जरा नखुरडं झालंय बघ. ठसा नीट उठायचा न्हाई. पुढच्या खेपंला करू. कागुद काय पळून चाललाय का?"

पुढच्या खेपेला म्हणजे पुढच्या दिवाळीला. मी नवा स्टँप आणायला लावून कागद पुन्हा टाइप केला, कारण जुना स्टँप सहा महिन्यांत शिळा होतो. आणि पुन्हा चिंधी! तिसऱ्या वर्षी तर कढईचा चटका होता. ज्ञानू दर वेळी ओसरीवर बसायचा, टोपी काढायचा, घालायचा, आक्कांच्या हातचं पुरणावरणाचं जेवायचा. निघताना मला म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या ताई. बरं हुईस्तवर थांबू." मला त्याची दया यायची आणि आक्कांचा राग. पाण्यावाचून त्याचा ऊस वाळत होता आणि ह्या चिंध्या गुंडाळून बसल्या होत्या.

एका दिवाळीच्या आधी आक्का ओसरीवर करंज्या लाटत होत्या. अंगठा तेव्हा मोकळाच होता. मी गेले आणि सरळ तोंड सोडलं. "आक्का, तुम्हाला रान पाहिजे असेल तर तसं सांगा. हक्क आहे तुमचा, कोर्टही नाही म्हणणार नाही. पण त्या गरिबाला असं किती वर्षं झुलवणार? आणि माझी रिबन झिजते ती कुणाच्या बापाची?"

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "रान घेऊन काय करू गं? माझं पोरगं तिकडं आसामात. मी का नांगुर धरणार हाय?"

"मग?"

"मग काय मग!" त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "अंगठा दिला तवापासनं माझ्या दारात माहेरचं कुत्रंबी आलं न्हाई. मालक गेलं तवा ग्यानू आला तो उभ्या उभ्या. चूक घावली तवा कुठं भाऊ भाऊबीजंला याया लागला. लुगडं आणतोय, जेवतोय, माझ्या हातची करंजी खातोय. ती चूक मी दुरुस्त करू व्हय? येवढी का मी येडी हाय?"

दहा-बारा वर्षं मी बहिणींच्या अंगठ्यांचे कागद टाइप करत होते. दर लग्नसराईच्या आधी, दर पीककर्जाच्या आधी, दोन-दोन, चार-चार बहिणी आवारातल्या लिंबाखाली बसलेल्या असायच्या. त्यातली एखादी घरी गेल्यावर काय करत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी गुपचूप खाली बसले आणि करंज्यांना मुरड घालायला लागले. थोड्या वेळानं आक्काच म्हणाल्या, "ते सारण जरा कमी भर. फुटत्यात तुझ्या."

त्या वर्षी ज्ञानू आला तेव्हा माझा टाइपरायटर बिघडला होता. त्याच्या पुढच्या वर्षी कराडात रिबन मिळत नव्हती. आक्का माझ्याकडं बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. ज्ञानूनंही कधी कटकट केली नाही. "मिळंल तवा करू की ताई," म्हणायचा आणि तिसरी करंजी उचलायचा. तो गेल्यावर आक्का आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगायच्या. लहानपणी हा नदीत कसा बुडता बुडता वाचला, आक्कांनीच त्याला केस धरून कसा बाहेर ओढला, घरी आल्यावर मार मात्र दोघांनीही कसा खाल्ला. तीच गोष्ट मी चार वेळा ऐकली, पण दर खेपेला नदीचं पाणी वाढलेलं असायचं.

हे असं किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण एका दिवाळीला ज्ञानूबरोबर त्याचा मुलगा आला. पंचविशीचा, मोटारसायकलवरून, गळ्यात सोन्याची साखळी. गावातल्या लोकांनी मिळून नदीवरून पाणी उचलायची योजना धरली होती. ज्याचा सातबारा साफ त्यालाच तीत घेणार होते आणि ती शेवटची खेप होती. हे त्यानं सांगितलं ते बरोबरच होतं. पण सांगायची पद्धत काय ती! ओसरीवर बूट न काढता उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, नाटकं लय झाली. आमच्या आबाला तू येड्यात काढलंस, मला न्हाई काढायचं. अंगठा देणार असशील तर आत्ता चल. न्हाईतर सोमवारी नोटीस येईल, मग बस कोर्टाची पायरी चढत."

ज्ञानू टोपी हातात घेऊन खाली मान घालून बसला होता. त्यानं मुलाला गप्प केलं नाही. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. राहवेना म्हणून धावत गेले. म्हटलं, ह्या पोराला चांगला सोलून काढावा. पण आक्कांनी मला हातानंच थांबवलं. त्या बघत होत्या भावाकडं. तो पोटच्या पोरापुढं असा बसलेला त्यांना बघवेना. त्यांनी सगळ्यांसमोर अंगठ्याची चिंधी सोडली, घडी घातली आणि चुलीत टाकली.

"मालन, तुजं मशिन झालं का गं दुरुस्त?"

मी म्हटलं, "झालं."

"मग कर कागुद. नीट कर. पुना चूक नगं."

दोन-चार दिवसांनी आम्ही सकाळच्या एसटीनं त्यांच्या तालुक्याला गेलो. ओळख पटवायला साक्षीदार म्हणून मी. रस्ताभर ऊसतोड सुरू झालेली होती. आक्का खिडकीतून प्रत्येक गावाचं नाव घेत होत्या, बसमधल्या दुसऱ्या बायकांना सांगत होत्या, "माहेराला चाललीय." कचेरीत साहेबांनी मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, हे तुम्ही राजीखुशीनं करताय ना?" आक्का म्हणाल्या, "व्हय साहेब. भाऊ हाय माझा." आणि अंगठा दिला. ठसा पहिल्याच झटक्यात उठला.

ज्ञानू आम्हाला घरी जेवायला घेऊन गेला. आक्का नदीकडच्या रानात जाऊन आल्या, बांधावर थोडा वेळ बसल्या. संध्याकाळी ज्ञानूची बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ऱ्हावा की वन्सं आज." बाहेर काही आली नाही. आक्का म्हणाल्या, "न्हाई बाई, घर उघडं टाकून आलीय." त्यांचं घर कुलपात होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती. स्टँडवर ज्ञानूनं आम्हाला बसमध्ये बसवलं. गाडी हलली तरी तो खिडकीचा गज धरून चालत राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, ते राहून गेलं.

पुढच्या दिवाळीला आक्कांनी घर सारवलं, करंज्या केल्या, पुरण शिजवलं. अंगठ्याला चिंधी नव्हती. आळीतल्या बायकांनी एकमेकींना खुणावलं नाही. भाऊबीजेला त्या सकाळपासून ओसरीवर होत्या. दुपार झाली, ऊन कलंडलं. मी भिंतीवरून विचारलं, "आक्का, जेवलात का?" त्या म्हणाल्या, "ऊस तुटायला लागला आसंल गं त्येचा. सवड नसंल. पाणी आलंय आता रानात, काम वाढणारच की." महिनाभर त्या हेच सांगत होत्या, न विचारणाऱ्यांनाही. फोन करू का म्हणून मी विचारलं, तर अंगावर आल्या. "बोलवून आणलेला भाऊ काय कामाचा?"

त्याच्या पुढच्या वर्षीही कुणी आलं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आक्का माझ्याकडं आल्या. कमरेला खोचलेल्या पिशवीतून दुरुस्ती पत्राची नक्कल काढून माझ्यापुढं ठेवली. "मालन, जरा वाच की."

"कशाला आक्का?"

"वाच की. यात काय चूक राह्यली आसंल का गं? एकांदी? नाव, नंबर, काय बी. माणूस हाय, चुकतंय."

माझ्या कागदात चूक नसते, याचा मला आयुष्यभर ताठा. कचेरीतले लोक सांगायचे, मालनबाईंच्या दस्तावर डोळे मिटून सही करावी. त्या दिवशी मी तो कागद ओळन् ओळ वाचला. नावं बघितली, गट नंबर माझ्याकडच्या सातबाऱ्याशी ताडून बघितला, चारी बाजूंच्या हद्दी बघितल्या. देवा, एवढी एक चूक सापडू दे, असं मनातल्या मनात म्हणत दोनदा वाचला. कुठं काही नव्हतं. मी मान हलवली.

आक्कांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लय चांगलं टायपिंग हाय गं तुजं," म्हणाल्या आणि उठून गेल्या. मी दार लावून घेतलं आणि रडले.

त्या हिवाळ्यात आक्का गेल्या. आजार असा नव्हता. सकाळी दूध घ्यायला उठल्या नाहीत, एवढंच. मी मुलाला तार केली, तो निघालाही, पण तिकडून यायला तीन दिवस लागणार होते. ज्ञानूच्या गावात पंचायतीला फोन होता, तिथं निरोप ठेवला. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. आळीतल्या म्हाताऱ्या दुपारपर्यंत थांबल्या. मग कुजबुज सुरू झाली, कुणी यायचं नाही, इथलंच कुणाचं तरी घाला आणि उचला. मी म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही. भाऊ येईल." माझा स्वतःचा तरी विश्वास होता का, कोण जाणे. पण मी दारातून हलले नाही.

चारच्या सुमाराला ज्ञानू आला. एकटाच. डोक्यावर टोपी नव्हती. आक्कांना बघितलं आणि मट्‌कन खाली बसला. मग त्यानं मला विचारलं, "ताई, ती काय म्हणत हुती वो माझ्यावर?"

मी फटकळच. म्हटलं, "वाट बघत होत्या. दोन्ही दिवाळीला. का नाही आलात?"

"कुठल्या तोंडानं येऊ?" तो म्हणाला. "नखुरडं खोटं हाय ते मला पयल्याच साली कळलं हुतं. मला बी तेच पायजे हुतं, ताई. कागुद हाय म्हटल्यावर घरात कुणाला काय सांगाय लागत न्हवतं, बहिणीकडं याला कारण हुतं. अंगठा दिल्याव कारण ऱ्हायलं न्हाई. आणि पोरगं तिला तसं बोललं तवा मी गप बसलो. आलो आस्तो तर ती म्हणाली आस्ती, आता काय न्यायला आलाईस?"

"असं म्हणाल्या असत्या का त्या?"

तो रडायला लागला. "न्हाई. तसं न्हाई म्हणाली आस्ती."

म्हाताऱ्यांनी आतून हाक दिली, उजेड आहे तोवर उरका, लुगडं आणलंय का? ज्ञानूनं पिशवी उघडली. आत दोन लुगडी होती. एक हिरवट, एक जांभळं. दोन्हींच्या घड्या बसलेल्या, ट्रंकेतल्या डांबरगोळीचा वास लागलेला. आज दुकानात जाऊन घेतलेली नव्हती ती.

"दर दिवाळीला घेत हुतो," तो म्हणाला. "हितल्या एस्टी स्टँडापतुर येत हुतो आणि माघारी जात हुतो."

मग एक म्हातारी म्हणाली, एकच घालायची रीत आहे, कुठलं घालायचं ते सांग. ज्ञानू एकदा ह्या लुगड्याकडं बघे, एकदा त्या.

मी म्हटलं, "दोन्ही घाला." आणि आम्ही दोन्ही घातली, आधी मागच्या सालचं, मग त्याच्यावर यंदाचं.